परदेशातून टीव्ही आणताना

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)





या मंचावर आधी आरोग्यावर बोलून झालं, मृत्युपत्रावर बोलून झालं. मग सचिव साहेब माझ्याकडं आले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही टीव्हीवर बोला." मी म्हटलं, टीव्हीवर सगळेच बोलतात, ऐकतं कोण? त्यावर ते म्हणाले, "तसं नाही. आपल्या सभागृहाच्या टीव्हीचा विषय येत्या सभेत आहे. सभासदांना आधी नीट माहिती पाहिजे."

विषय तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याच एका सभासदाचा मुलगा आखातात नोकरीला आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त सभागृहाला ७५ इंची टीव्ही भेट द्यायची त्याची इच्छा आहे, आणि तो तिकडूनच घेऊन पाठवतो म्हणतो. त्याच्या मनाचा मोठेपणा वादातीत आहे. पण घ्यायचा कसा, यावर दोन मतं आहेत. मी चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. अमरावतीला हे काम शिकलो, कारंज्याला एका दुकानात नोकरी केली, मग धनजला स्वतःचं लहानसं दुकान टाकलं. तेव्हा आज कुणाची बाजू घेऊन नाही, तर कारागीर म्हणून चार गोष्टी सांगतो. त्या सभागृहाला लागू आहेत आणि तुमच्या घरालाही, कारण आता आपल्या लेआउटमध्ये ज्याचं पोर बाहेरदेशी नाही, त्याचा भाचा किंवा जावई तरी आहेच.

बाहेरच्या टीव्हीची आपल्याला ओढ का, हे आधी पाहू. आपल्या देशात दिल्लीला टीव्हीचा प्रयोग सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला. मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत चित्र आलं १९८२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाला आणि मग नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांना. तोवर आपल्याकडं रंगीत संच बनतच नव्हते म्हटलं तरी चालेल. त्या वेळी ज्याचा भाऊ दुबईत, कुवेतमध्ये होता, त्याच्या घरी रंगीत टीव्ही आला. बाकीच्यांनी काळ्यापांढऱ्यावर निळा-हिरवा काच-कागद चिकटवून रंगाची हौस भागवली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायला लागलं, तेव्हा वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला लावणारे लोक मी पाहिलेत. तेव्हापासून "बाहेरचा माल" म्हणजे चांगला, हे डोक्यात बसलं. तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

पण तेव्हाही तो माल आपल्या घरी सरळ चालत नव्हता. ही गोष्ट तरुणांना माहीत नाही, म्हणून सांगतो. टीव्हीच्या प्रसारणाची पद्धत देशोदेशी वेगळी. आपली पद्धत 'पाल', ६२५ रेषांची, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका आणि जपानची 'एनटीएससी', ५२५ रेषांची, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. फ्रान्सची तिसरीच, 'सेकाम'. अमेरिकेतून आणलेला संच इथं लावला की चित्र वर-खाली पळायचं आणि रंग गायब. आणि त्याआधी मुख्य धोका विजेचा. तो संच १२० व्होल्टचा, आपली लाइन २३० ची. प्लगमध्ये घातला की आतून फट्‌कन आवाज आणि जळका वास.

सगळ्यात मजेशीर प्रकार इंग्लंड आणि हाँगकाँगकडच्या संचांचा. तिकडंही 'पाल'च. लोक म्हणायचे, मग अडचण काय? तर चित्र एकदम सुरेख यायचं, रंग छान, पण आवाज म्हणून नाही. कारण आपल्या प्रसारणात चित्र आणि आवाज यांच्या लहरींमध्ये साडेपाच मेगाहर्ट्झचं अंतर, आणि त्यांच्याकडं सहा मेगाहर्ट्झचं. अर्ध्या मेगाहर्ट्झपायी टीव्ही मुका. मग आम्ही कारागीर आतला सहाचा फिल्टर काढून साडेपाचचा घालायचो, कॉइल फिरवून जुळवायचो, आणि टीव्ही बोलायला लागायचा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळायचे. म्हणजे जुळत नसलेली वस्तू जुळवून घ्यायची सोय त्या काळात होती. कॅबिनेट उघडलं की एकेक भाग डोळ्यांनी दिसायचा, हातांनी बदलता यायचा.

आज नेमकं उलटं झालंय. वस्तू जुळायला सोपी झाली आणि दुरुस्तीला अवघड.

जुळायला सोपी कशी? गावोगावचे दूरदर्शनचे जुने ॲनालॉग मनोरे २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद झाले. आता टीव्हीवर छत्री नाही, अँटेना नाही. चित्र येतं डिशच्या किंवा केबलच्या डब्यातून, एचडीएमआयच्या वायरने, नाही तर वायफायवर. त्यामुळं 'पाल' की 'एनटीएससी' हा जुना प्रश्न डब्यानं पुष्कळसा सोडवला. म्हणून मुलं म्हणतात, "काका, आता सगळे टीव्ही सारखेच." सारखे वाटतात, पण नाहीत. परदेशातला संच घेण्याआधी पाच गोष्टी पाहायच्या. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट वीज. संचाच्या मागं एक पट्टी असते. तीवर "एसी १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असं असेल तर निर्धास्त राहा. नुसतं "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असेल तर तो अमेरिकेपुरता. तो चालवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो जड असतो, गरम होतो, आणि एखाद्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यानं टीव्ही सरळ भिंतीत लावला की संपलं. दुबई, मस्कत, दोहा, कुवेत इकडं आपल्यासारखीच २२० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज. सौदीत ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. म्हणजे "बाहेरचा" हा एकच प्रकार नाही, कोणत्या देशातला ते विचारा.

दुसरी गोष्ट चित्राचा वेग. आपला डिशचा डबा ५० हर्ट्झवर चित्र पाठवतो. केवळ अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेले काही संच एचडीएमआयवरून ५० हर्ट्झ स्वीकारतच नाहीत. पडद्यावर "सिग्नल नाही" असं येतं. काही डब्यांमध्ये ६० हर्ट्झची सोय असते, सगळ्यांत नसते. मग घरातले लोक डबेवाल्याला फोन करतात, तो टीव्हीवाल्याकडं बोट दाखवतो, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

तिसरी गोष्ट आतला ट्यूनर. आखातातल्या बऱ्याच संचांत डिशची वायर सरळ लावायची सोय असते. दूरदर्शनच्या फ्री डिशवरच्या काही वाहिन्या त्यावर दिसू शकतात, सगळ्याच दिसतील असं धरून चालू नका. आपल्याकडं असे संच कसे असावेत याचं मानक भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये काढलं, आयएस १८११२. ज्या घरात दरमहा रिचार्ज परवडत नाही, त्या घरानं हे विचारून घ्यावं.

चौथी गोष्ट ॲप. स्मार्ट टीव्ही ज्या देशासाठी बनतो, त्या देशाची ॲपची यादी त्यात असते. काही संचांत सेटिंगमध्ये देश बदलता येतो, काहींत येत नाही. म्हणजे टीव्ही मोठा, चित्र झकास, आणि आईला तिची मराठी मालिका ज्या ॲपवर पाहायची ते ॲपच सापडत नाही. त्यावर बाहेरून काडी किंवा डबा लावता येतो. पण मग घरात तीन रिमोट होतात, आणि आपल्या वयाच्या माणसाला एक पुरे असतो.

पाचवी गोष्ट लहान, पण लिहा. प्लग. आखातातला चौकोनी तीन पिनांचा, अमेरिकेतला चपटा, आपला गोल पिनांचा. लोक दहा-वीस रुपयांचा ढिला अडॅप्टर लावतात, त्यात अर्थिंग मिळत नाही, ठिणग्या उडतात. प्लग बदलायचा तर चांगला घ्या, जाणकाराकडून बसवा.

आता दुरुस्ती अवघड का, ते सांगतो. आजच्या टीव्हीत मुख्य तीन भाग. वीजपुरवठ्याचा बोर्ड, मुख्य बोर्ड आणि पॅनेल, म्हणजे पडदा. वीजपुरवठ्याचा बोर्ड माझ्यासारखा माणूस अजूनही दुरुस्त करतो. पडद्यामागच्या एलईडीच्या पट्ट्याही बदलता येतात. पण मुख्य बोर्डवरचं सॉफ्टवेअर त्या मॉडेलचं, त्या देशाचं. आणि पॅनेल फुटलं की दुरुस्ती नाही, बदलायचंच. मोठ्या संचात ते इतकं महाग पडतं की गिऱ्हाईक विचारतं, "यापेक्षा नवाच घेतला तर?" एकाच कंपनीचा, एकाच आकाराचा, दिसायला सारखा टीव्ही इथं एका नंबरचा आणि तिकडं दुसऱ्या नंबरचा असतो. आतलं पॅनेल वेगळं, बोर्ड वेगळा. कंपनीचं इथलं सेवा केंद्र सुटे भाग ठेवतं ते इथं विकलेल्या नंबरांचे. तुमचा नंबर त्यांच्या संगणकात टाकला की तो सापडतच नाही. त्यात त्या बिचाऱ्या मेकॅनिकचा काही दोष नसतो.

इथून वॉरंटीकडं येऊ. आपण तिला गॅरंटी म्हणतो. लॅपटॉप, कॅमेरा यांना काही वेळा जगभर चालणारी वॉरंटी असते. टीव्हीची वॉरंटी साधारणपणे ज्या देशात विकला त्या देशापुरती असते. ब्रँडचं नाव तेच असलं, तरी तिथली कंपनी आणि इथली कंपनी कायद्यानं वेगळ्या असतात. "कंपनी तर जगात एकच आहे ना?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. नावानं एक आहे, जबाबदारीनं नाही. म्हणून दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. वॉरंटी कार्डावर कोणत्या देशांची नावं आहेत ते वाचा, किंवा कंपनीच्या इथल्या ग्राहक सेवेला ईमेल करून मॉडेल नंबर द्या आणि लेखी उत्तर मागा. "हो, भारतात या मॉडेलला सेवा देऊ" असं लेखी आलं, तर माझा आक्षेप नाही.

आणखी तीन बारकावे. एक, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालते. मुलानं मार्चमध्ये घेऊन दिवाळीत आणला तर सात-आठ महिने प्रवासातच गेले. दोन, फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही, मग तो कुठंही घेतलेला असो. विमानाच्या सामानात किंवा ट्रकमध्ये संच आडवा ठेवला, त्यावर वजन आलं, की बाहेरून खोकं ठीक आणि आत काचेला तडा. टीव्ही नेहमी उभा न्यायचा. तीन, आणि हे सभागृहाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत पुष्कळदा अट असते की संच घरगुती वापराचाच पाहिजे. दुकान, हॉटेल, संस्था इथं लावला तर वॉरंटी कमी होते किंवा मिळत नाही. म्हणजे सभागृहासाठी इथून घेतला तरी हे आधी विचारायचं आहे.

बिघडला आणि कुणी दाद देत नसेल तर काय? इथं घेतलेल्या वस्तूसाठी आपल्या हातात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात चांगली सोय अशी की आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते. दुकान पुण्याचं असो, नाही तर ऑनलाइन घेतलेलं असो, तक्रार वाशिमला. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावता येतो, तिथं बरीच प्रकरणं मिटतात. पण शारजाच्या दुकानदाराला वाशिमला कोण बोलावणार? कायदा आहे, पण हात तिथवर पोचत नाही.

इथल्याच बाजारात, बिलाशिवाय, "इम्पोर्टेड पीस आहे, स्वस्तात देतो" असं सांगून विकले जाणारे संच असतात. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का ते पाहा. आयात केलेल्या बंद मालावर ते असणं कायद्यानं बंधनकारक आहे. आणि संचावर मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असतो, तो पाहा. हे दोन्ही नसेल, तर तो संच बिघडल्यावर तुमच्याशिवाय त्याला कुणी वाली नाही.

आता पैशांचा हिशोब, कारण शेवटी सगळे म्हणतात, "तिकडं स्वस्त मिळते ना!"

२०१३ सालापर्यंत विमानानं येणारा माणूस ठरावीक सवलतीच्या रकमेत टीव्ही आणू शकत होता. खांद्यावर खोकं घेऊन विमानतळाबाहेर येणारी माणसं आपण पाहिलीत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रुपया घसरत होता आणि देशाबाहेर जाणारं परकीय चलन रोखायचं होतं. २६ ऑगस्ट २०१३ पासून एलसीडी, एलईडी आणि प्लाझ्मा टीव्ही सवलतीतून काढले. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या सामान नियमांतही पन्नास हजारांच्या सवलतीत हा टीव्ही बसत नव्हता. पूर्ण किमतीवर शुल्क लागायचं, ३५ टक्के आणि त्यावर अधिभार, मिळून साडेअडतीस टक्के.

उदाहरण घेऊ. तिकडं टीव्ही ५०,००० रुपयांना पडला. शुल्क १९,२५० रुपये. झाले ६९,२५०. त्यात विमान कंपनीचं जास्तीच्या सामानाचं भाडं धरा, आणि नागपूरहून इथवर आणायची गाडी धरा. शिवाय किंमत बिलावरचीच धरतील असं नाही, कस्टमचा अधिकारी स्वतःही ठरवू शकतो. ७५ इंची संच तर सामान म्हणून घ्यायला विमान कंपनी तयार होईल का, हाच पहिला प्रश्न. कुरिअरनं "भेट" म्हणून पाठवला तरी शुल्क सुटत नाही. भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली. कायमचं परत येणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी निघण्याआधी कस्टमकडं लेखी विचारून घ्यावं. आणि कुणीही आणला तरी विमानतळावर सांगूनच आणावा. लपवून आणला आणि सापडला, तर टीव्ही जातो, दंड बसतो आणि नोकरीवर परतायच्या पोराच्या मागं लचांड लागतं.

याउलट इथं काय झालं? ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे ज्या टीव्हीची मूळ किंमत ५०,००० आहे, तो ६४,००० ला पडायचा, आता ५९,००० ला पडतो. तिकडून आणलेला ६९,०००, तोही बिनवॉरंटीचा, आणि इथला ५९,०००, वॉरंटीचा. हा हिशोब आपल्या पाचवीतल्या पोरांनाही जमेल. आणि "बाहेरचा माल" म्हणाल, तर ज्यांची नावं आपण विदेशी म्हणून घेतो त्या कंपन्यांचे इथं विकले जाणारे बरेच संच आता इथंच जुळवले जातात. पॅनेल मात्र बाहेरून येतं, आपल्याकडंही आणि आखातातही. पडदा एकाच कारखान्याचा असू शकतो, नुसतं खोकं वेगळं.

मंडळी, इथवर मी व्होल्ट आणि टक्के सांगितले. पण चाळीस वर्षांत मला जे सगळ्यात जास्त दिसलं, ते यात येत नाही. ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावात मला बोलावणं आलं. घरात दोघंच, म्हातारा-म्हातारी. हॉलमध्ये भिंतीवर ५५ इंची टीव्ही, वरून भरतकाम केलेली चादर झाकलेली. बाजूला स्टुलावर जुना जाड पाठीचा टीव्ही चालू. मला वाटलं जुना दाखवायचा असेल. आजोबांनी चादर काढली. मोठ्या टीव्हीचा अर्धा पडदा काळा. मुलानं अमेरिकेहून पाठवलेला. पहिल्या चार महिन्यांतच गेला होता, आणि त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

मी विचारलं, "दादा, मुलाला सांगितलं का?"

आजी म्हणाल्या, "कायले सांगा बाप्पा? पोट्ट्यानं इतक्या लांबून धाडला. त्याले वाईट वाटीन. फोनवर इच्यारते, आई टीव्ही चांगला दिसते ना? मी म्हणतो, हो, लय झकास दिसते."

मी तो पडदा दुरुस्त करू शकत नव्हतो. पॅनेल इथं मिळणारच नव्हतं. पण त्या माउलीनं वर्षभर रोज एक खोटं बोलायचं, ते कशासाठी? मुलाच्या मायेला धक्का लागू नये म्हणून. आणि मुलगा तिकडं समाधानात, की आई-बाबा मोठ्या पडद्यावर बघतायत. दोघांचंही प्रेम खरं, आणि मधला टीव्ही मेलेला.

अशी झाकलेली घरं मी बरीच पाहिली. काही ठिकाणी मिक्सर, काही ठिकाणी रक्तदाब मोजायचं यंत्र. म्हणून परदेशातल्या पोरांना माझं सांगणं एवढंच. वस्तू पाठवताना विचारा, ती बिघडली तर माझ्या आईच्या दाराशी कोण येणार? त्याचं नाव आणि फोन नंबर तुमच्याकडं असेल, तरच पाठवा. नाही तर पैसे पाठवा, कारंज्यातून, अकोल्यातून, अमरावतीतून घेऊ द्या. बिल आईच्या किंवा वडलांच्या नावावर करा. दुकानदाराचा माणूस येऊन बसवून जाईल, रिमोट शिकवून जाईल, आणि बिघडला तर त्याला हक्कानं बोलावता येईल. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर काही लांब राहिलं नाही. वाचलेल्या पैशांतून सुटीला दोन दिवस जास्त या आणि टीव्ही सोबत बसून बघा.

आणि आई-बापांनाही सांगतो. बिघडलं तर सांगा. पोरं तुमचीच आहेत, रागावणार नाहीत. चादरीखाली टीव्ही झाकता येतो, पण दर रविवारी फोनवर तेच लपवत बसावं लागतं.

आता आपल्या सभागृहाकडं येतो. माझं मत सांगतो, निर्णय सर्वसाधारण सभेचा. आपल्या पोराची भेट आपण आनंदानं घ्यावी, आणि त्याला कळवावं की टीव्ही तिकडून पाठवू नकोस, इथं घे. तो आपल्या इथल्या बँक खात्यातून दुकानाला सरळ पैसे देऊ शकतो. पैसे संस्थेच्या खात्यात घ्यायचे ठरलं, तर तो भारताचा नागरिक असावा आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवावेत. कुणी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ते परदेशी देणगीच्या कायद्यात जाऊ शकतं, तेव्हा आधी ऑडिटरला विचारा. बिल संस्थेच्या नावानं घ्यावं. संस्थेच्या वापराला वॉरंटी लागू आहे, हे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावं. ते लिहून द्यायला तयार नसतील, तर संस्थांसाठीचे वेगळे संच मिळतात, त्यांची चौकशी करावी. टीव्हीची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला व्हावी, आणि बिलाची झेरॉक्स त्याच पानाला चिकटवावी, कारण मूळ बिलावरची शाई दोन वर्षांत उडते.

टीव्ही येण्याआधी सभागृहाचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात आणि मोटारी चालू होण्याच्या वेळी व्होल्टेज वर-खाली होतं, तेव्हा चांगला स्टॅबिलायझर लावा. मृगाचा पहिला कडकडाट झाला की डिशची वायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. "कुणीतरी काढेल" म्हणून मेलेले संच माझ्या दुकानात दर जूनमध्ये येतात. आणि सभागृहात शेवटच्या खुर्चीवरच्या आजीला अक्षर दिसलं पाहिजे, म्हणून टीव्ही भिंतीवर फार उंच टांगू नका.

आणि हो, टीव्हीच्या बाजूला देणाऱ्याच्या नावाची लहानशी पाटी जरूर लावा. त्याचे आई-वडील याच लेआउटमध्ये राहतात. येता-जाता त्यांना ती दिसेल.

  ज्यांना परदेशातल्या संचाच्या मागची पट्टी वाचून घ्यायची असेल, त्यांनी मुलाला फोटो पाठवायला सांगावा आणि संध्याकाळी दुकानावर यावं. वाचून देण्याचे पैसे लागत नाहीत.

संस्थेच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र!